पंढरीकाकांचा डावा गाल

बाबा कुणाच्याही घरी गेले की यजमानांच्या आधी पडद्यांकडे बघत. माझ्यासाठी एक स्थळ आलं होतं, ते घर बघायला आम्ही देवासला गेलो होतो. मुलाचे वडील आपल्या नव्या प्लॉटबद्दल भरभरून सांगत होते, आणि बाबा खिडकीच्या पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "इथं दोन धागे कमी आहेत. विणतानाच राहिलेत." स्थळ तिथंच फिसकटलं. आई परतीच्या बसमध्ये बाबांपासून दोन सीट लांब बसली. मुलगा मला पसंत नव्हताच, त्यामुळे मी मनातल्या मनात त्या पडद्याला हात जोडले.

दिनानाथ पागे हे माझे बाबा. पूर्वज म्हणे होळकरांच्या पागेत घोडे सांभाळत. बाबांच्या वाट्याला घोडा नाही आला, इंदूरची कापड मिल आली. तिथल्या फोल्डिंग खात्यात त्यांनी बावीस वर्षं काढली. विणून आलेलं कापड त्यांच्या समोरच्या उतरत्या टेबलावरून सरकायचं, खालून दिवा लागलेला असायचा, आणि बाबांनी त्यातला तुटका धागा, गाठ, तेलाचा डाग शोधून काढायचा. डाग निघण्यासारखा असेल तर काढायचा, धागा तुटला असेल तर सुईनं तिथल्या तिथं रफू करायचं. रफू केलेली जागा नंतर आपल्यालाही सापडता कामा नये, असा त्यांचा हट्ट. सगळं कापड पास झालं की काठावर मिलचा शिक्का. हा शिक्का बाबांच्या दृष्टीनं देवाइतकाच पवित्र. दुसऱ्याच्या ठाणावर, म्हणजे ताग्यावर, आपला शिक्का मारणारा माणूस त्यांच्या हिशेबी चोरापेक्षा खालचा होता.

मिल बंद झाली तेव्हा मी सातवीत होते. त्यानंतर बाबा कपडा बाजारात एका पेढीवर माल तपासायला लागले. काही वर्षं बरी गेली. मग बाहेरून सिंथेटिक साड्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे येऊ लागले आणि शेठ एक दिवस म्हणाला, "पागेजी, ग्राहक नहीं देखता, तो आप क्यूँ देखते हो?" बाबा घरी आले ते त्या पेढीवर परत गेलेच नाहीत. शेठचं चुकलं होतं असं मला आजही वाटत नाही. जगाला खोट चालू लागली होती, आणि आमच्या घरात खोट शोधणारा एक माणूस रिकामा बसून होता. सकाळी पेपर वाचतानासुद्धा ते छपाईतल्या चुकांना पेन्सिलीनं गोल करत. डोकं उठायचं माझं.

फोटोचं वेड लागलं ते शालिनीआत्यामुळे. तिच्या मुलानं पुण्यात नवा डिजिटल कॅमेरा घेतला आणि जुना मामाला पाठवून दिला. बाबांनी तो पंधरा दिवस नुसता हाताळला. मग सुदामा नगरातल्या आमच्या गल्लीत बारसं असो, सत्यनारायण असो, बाबा कॅमेरा घेऊन हजर. वय बावन्न आणि उत्साह विशीतला. फोटो बरे यायचे, पण ते बाबांना चालत नसत. कुणाच्या कपाळावर चट्टा, कुणामागे दोरीवर टॉवेल. हे सगळं काढून टाकता येतं असं कळल्यावर त्यांचा चेहरा कितीतरी वर्षांनी उजळलेला मी पाहिला. म्हणजे रफूच की, असं ते म्हणाले.

मी तेव्हा भंवरकुआं भागातल्या एका कोचिंग क्लासमध्ये प्रश्नपत्रिका टाइप करायचे. तिथला एक जुना कॉम्प्युटर बदलला जात होता, तो मी स्कॅनरसकट उचलून आणला. राहता राहिलं फोटो दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर. त्यावरून आमच्या घरात जी भांडणं झाली, ती माझ्या लग्नावरूनही झाली नाहीत.

जेल रोडवर आमच्या शेजाऱ्यांच्या जयेशचं छोटं दुकान होतं. त्यानं सीडी काढून काउंटरवर ठेवली. वर मार्करनं नाव लिहिलेलं.

"काकाजी, ही घेऊन टाका. सगळं इंदौर हीच वापरतं. स्टुडिओवाले, अखबारवाले, सब."

"बिल मिळेल?" बाबांनी विचारलं.

जयेश माझ्याकडे बघून हसला. "काकाजी, ओरिजिनल घ्यायला गेलात तर कॅमेरा, कॉम्प्युटर, स्कूटर, सगळं विकावं लागेल. ही कॉपी आहे. पण काम एकदम टनाटन. बघा, ह्यात लेअर असतात. म्हणजे फोटोवर तुम्ही एक पारदर्शक कागद ठेवला समजा. जे काय करायचं ते त्या वरच्या कागदावर. बिघडलं तर कागद फेकून द्या, मूळ फोटो नीचे जसा का तसा."

बाबांनी सीडी उलटी करून पाहिली आणि परत ठेवली. "दुसऱ्याच्या ठाणावर तुझा शिक्का. नको."

"बाबा, यार, सब लोग तर हेच करतात ना," मी कुजबुजले.

"सब लोग करतात म्हणूनच मिल बुडाल्या," बाबा म्हणाले. मिल त्यामुळे बुडाल्या नव्हत्या हे त्यांनाही ठाऊक होतं, पण रागात माणसाला जे हाताशी येईल ते चालतं.

दुसरं एक होतं ते फुकटचं. कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर आलेल्या सीडीत मिळालं. मी ते घालून दिलं, तर पडद्यावर एकदम तीन-चार खिडक्या उघडल्या आणि बाबा गांगरले. शिवाय फुकटेपणाचाच त्यांना संशय. "ज्याला किंमत नाही, त्याची तक्रार कुणाकडे करायची?" पुढे मला कळलं, त्या फुकटच्यातही ते पारदर्शक कागद होते. कधीकधी वाटतं, कळलं नसतं तर बरं झालं असतं.

शेवटी बाबांनी स्वतः तीन दुकानं हिंडून तिसरंच आणलं. रीतसर खोका, आत छापील पुस्तिका, नऊशे रुपयांचं पक्कं बिल. त्या खोक्यावरचं चमकतं लेबल त्यांनी अंगठ्यानं असं कुरवाळलं की आई म्हणाली, "आता त्याला देवघरात ठेवू नका म्हणजे झालं."

मी पुस्तिका चाळली. लेअर नव्हते. जे करायचं ते थेट फोटोवरच, आणि चुकलं तर फक्त एक पाऊल मागे जाता येणार. मी आरडाओरडा केला. तर बाबा शांतपणे म्हणाले, "यामिनी, रफू कापडावरच करतात. कापडावर कागद ठेवून कुणी रफू केलंय का?"

"मग करा तुम्हाला काय करायचं ते. मला विचारू नका," मी म्हणाले. आणि खरंच मी लक्ष काढून घेतलं. आमच्याकडे असं रुसणं नवीन नव्हतं, म्हणून मलाही त्याचं काही वाटलं नाही.

त्याच महिन्यात कुमुदिनीकाकू आली. ती पंढरीनाथकाकांची बायको. काका म्हणजे बाबांचे मिलमधले दोस्त. ते विणाई खात्यात होते, पण दुपारची भाकरी दोघं बावीस वर्षं एकाच झाडाखाली बसून खात. मिल बंद झाल्यावर काका एका बिल्डिंगवर चौकीदार झाले आणि आदल्या वर्षी दम्यानं गेले. काकूच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत जुन्या साडीत गुंडाळलेली एक तसबीर.

"भाऊजी, रुचीचं ठरलं," ती म्हणाली. रुची तिची एकुलती एक. "पुढच्या महिन्यात लग्न. पोरगी म्हणते, स्टेजवर बाबांचा फोटो पाहिजे, मोठा. मी काय करू? आमच्याकडे त्यांचा हा एकच आहे."

खरंच एकच होता. काकांना लहानपणी देवी आल्या होत्या आणि सगळा चेहरा वणांनी भरलेला. त्यामुळे कॅमेरा दिसला की ते मान फिरवत. लग्नाचे फोटो काढलेच नव्हते, मिलचा पास गेटवर जमा झालेला. हा फोटो मिलच्या शेवटच्या अनंत चौदसच्या झांकीचा, म्हणजे गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या चित्ररथाचा. झांकीतल्या हत्तीचा बांबूचा सांगाडा काकांनी बांधला होता, म्हणून मंडळींनी त्यांना ओढून पुढं उभं केलं आणि मोठी प्रत करून त्यांनाच भेट दिली. फोटोवाला कधीच गाव सोडून गेला होता. भर दुपारचं ऊन, मागे कागदाचा हत्ती, चार माणसं, आणि मधोमध हसावं की नाही अशा पेचात पडलेले पंढरीकाका.

ओल लागून फोटो काचेला चिकटला होता. बाबांनी एक अख्खी दुपार घालवून सुरीच्या पात्यानं तो सोडवला. काचेसकट स्कॅन केला असता तरी चाललं असतं, पण हे आम्हाला कोण सांगणार? ओलसर फोटो त्यांनी स्कॅनरवर ठेवला. स्कॅन सुरेख आलं. मग फोटो उचलला, तर त्याचा मधला थर स्कॅनरच्या काचेवरच राहिला. हत्ती शाबूत, आजूबाजूची माणसं शाबूत आणि काकांच्या जागी पांढरा कागद. बाबांनी तो उजेडाकडे धरून पाहिला.

"मशीनमध्ये आलाय ना?" ते मला विचारत राहिले. "आत आलाय ना यामिनी?"

"आलाय बाबा. सेव्ह केलाय मी," मी म्हणाले. मग ते खाली बसले.

त्यानंतर चार दिवस बाबा त्या पडद्यासमोरून हलले नाहीत; काम पुरं होईपर्यंत त्यांनी मशीन रात्रीही चालूच ठेवलं. ओलीचे डाग काढले, भेग सांधली. शर्टाची कॉलर फाटकी होती ती इतकी बेमालूम जोडली की मी रुसवा विसरून "वा" म्हणाले. आणि मग त्यांचं लक्ष चेहऱ्याकडे गेलं. बावीस वर्षांची सवय ती. जिथं खळगा दिसेल तिथं शेजारची कातडी आणून बसवायची. एक झाला की दुसरा. वर त्यांच्या मनात हेही होतं की पंढरीला आपल्या तोंडाची जन्मभर लाज वाटली. पोरीच्या लग्नात तरी त्यानं ताठ मानेनं बसावं. हे त्यांनी मला नंतर सांगितलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी मी कामावर निघायच्या गडबडीत आतल्या खोलीत ओढणीला इस्त्री करत होते. बाहेरून बाबांनी हाक मारली.

"यामिनी, हे काहीतरी विचारतंय. ह्या नावाची फाइल आधीच आहे, रिप्लेस करायची का, म्हणतंय. काय करू?"

मला उशीर झाला होता. ओढणीची चुणी जात नव्हती. चार पावलांवर पडदा होता, पण मी गेले नाही.

"यस करा ना बाबा!" मी ओरडले.

त्यांनी यस केलं.

संध्याकाळी कुमुदिनीकाकू आली. बाबांनी तिला खुर्चीवर बसवलं, पडद्यावरचा पदर बाजूला केला. हो, आई कॉम्प्युटरवर साडीचा पदर झाकून ठेवायची. मी दारातच उभी होते. काकू बघत राहिली. बराच वेळ बघत राहिली. मग तिनं बाबांकडे वळून अगदी साधेपणानं विचारलं, "हे कोण?"

बाबांना वाटलं ती गंमत करतेय. ते हसले. "वहिनी, पंढरी."

"नाही भाऊजी. ह्यांचा मोठा भाऊ असता तर असा दिसला असता. माझा फोटो कुठंय?"

बाबांनी समजावून सांगितलं. वण काढले, त्याला आवडत नसत, लग्नात लोक बघतील. काकू ऐकत होती आणि तिचा चेहरा हळूहळू कठीण होत गेला.

"त्यांना आवडत नव्हते, मला तर चालत होते ना," ती म्हणाली. "घरात पाच भावंडं होती. देवीनं येऊन चार नेली, हे एकटे राहिले. सासूबाई म्हणायच्या, देवीनं आपली खूण ठेवून पोरगं परत दिलंय. ती खूण तुम्ही पुसलीत. परत आणा. आधीचा आणा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी माऊस हातात घेतला आणि शोधत बसले. नुसतं दाखवायला शोधत होते, कारण काय झालंय हे मला एका क्षणात कळलं होतं. एक पाऊल मागे, तेवढंच. तेही दुपारी मशीन बंद केल्यावर संपलेलं. यस केल्यावर नवा फोटो जुन्याच्या जागीच बसला होता; आधीचा कुठंच नव्हता.

"माझ्या हातून झालं वहिनी," बाबा म्हणाले. "मला मशीन कळलं नाही."

यस करा, असं मी म्हणाले होते हे त्यांनी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. तोंड उघडलं असतं तर कुणी मला मारलं नसतं. तरी उघडलं नाही, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

काकू उठून जाईल असं मला वाटलं. ती गेली नाही. तिनं खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाली, "काढता आले तर घालताही येत असतील. बसा भाऊजी."

बाबा बसले. काकूनं डोळे मिटले आणि हात पुढं करून बोटं पडद्याच्या काचेवर टेकवली. मला आधी कळेना, डोळे मिटून ही काय बघणार? मग कळलं, ती बघत नव्हतीच. तिची बोटं कपाळावरून खाली आली, उजव्या भुवईपाशी थांबली. "इथं एक, खोल. मसुराएवढा. त्याच्याखाली दोन जोडलेले." बाबांनी तिथं खूण केली. "नाही, जरा कानाकडे. हां." बोटं गालावर उतरली. "इथं चार, एका ओळीत नाहीत, वेडेवाकडे. इथं काहीच नव्हतं, इथं साफ होतं. हनुवटीवर हा मोठा, दाढी करताना नेहमी कापायचा."

बाबा एकेक वण घालत होते. ज्या माणसानं जन्मभर खोट काढली, तो आता खोट विणत होता, आणि एक चुकला की एक पाऊल मागे जाऊन परत घालत होता. घाम त्यांच्या नाकावरून कळफलकावर पडत होता. उजवा गाल भरला, आणि खरं सांगते, पडद्यावरच्या त्या परक्या माणसात पंढरीकाका हळूहळू येऊन बसायला लागले. आईनं दारातून पाहिलं आणि डोळ्याला पदर लावला.

मग काकूची बोटं डावीकडे गेली आणि थांबली. परत उजवीकडे आली, परत डावीकडे गेली. तिनं डोळे उघडले.

"डावीकडचे नाही येत मला," ती म्हणाली. "ते डाव्या कुशीवर झोपायचे. हा गाल नेहमी उशीत. माझा हातच गेला नाही तिकडे." ती बाबांकडे वळली. "तुम्ही सांगा भाऊजी. भाकरी खायला तुम्ही त्यांच्या डावीकडे बसायचात. ते घरी येऊन सांगायचे, दिना ह्या बाजूला, झाड त्या बाजूला. बावीस वर्षं बघितलंत तुम्ही. सांगा ना, कुठं कुठं होते?"

बाबांनी डोळे मिटले. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते. दुसऱ्याच्या पडद्यातले दोन कमी धागे ज्यांना दहा फुटांवरून दिसत, ते माझे बाबा बसल्या जागी आठवत राहिले, ओठ हलवत राहिले. घड्याळाचे ठोके पडले. त्यांनी माऊस नेऊन एका जागी ठेवला, काढला, दुसरीकडे नेला. मग हात मांडीवर घेतला.

"होते," ते म्हणाले. "वण होते, एवढंच माहीत आहे वहिनी. मी कधी बघितलंच नाही."

बाबा रडायला लागले तेव्हा काकूनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि मला ते बघवेना म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच चहा टाकला. अंदाजानं चार वण घालून देऊ का, असं बाबांनी एकदा विचारलेलं मला आतून ऐकू आलं. काकू म्हणाली, "नको. खोटे नकोत."

लग्नात फोटो स्टेजवर होता, मोठा, सोनेरी चौकटीत. रुची पाया पडली. लोक येत होते, नमस्कार करून पुढं जात होते, कुणाला काही खटकलं नाही. सगळ्यांच्या पुढं गर्दीत बाबा कॅमेरा घेऊन उभे होते, पण त्या दिवशी त्यांनी फारसे फोटो काढले नाहीत. अक्षता पडायच्या आधी कुमुदिनीकाकू लगबगीनं स्टेजवर चढली, फोटोच्या हारातली एक झेंडूची सर हातानं ओढून तिनं काकांच्या डाव्या गालावर नीट बसवली, आणि मग खाली उतरून पोरीच्या मागं उभी राहिली.